गल्ली नंबर चौदाचा दिवा

२ एप्रिल
सकाळी मीटरचं रीडिंग घेतलं. मार्चचा आकडा मागच्या मार्चच्या निम्म्याच्या थोडासा वर. मॅनेजर बत्रा साहेब (यापुढे बी.सा., रोज एवढं नाव कोण लिहिणार) खूश. एलईडी लावायचे म्हटलं तेव्हा हेच म्हणत होते, "इतना खर्चा किसलिए?" आता हेड ऑफिसला सांगतात की कल्पना त्यांची. सांगू देत. शिडीवर मान मोडेस्तोवर दिवे बदलले ते मी आणि आमच्या वायरमनने.
मला त्या दिव्यांचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पूर्वी गोडाऊनमधल्या रॅकांच्या चाळीसच्या चाळीस गल्ल्या दिवसभर जळायच्या, आत माणूस असो नसो. आणि पलीकडे राहनाळला, आमच्या घरी, दुपारभर लाईट गुल. गोडाऊन उभं आहे आमच्याच भाताच्या खाचरांवर. जमीन देताना घरातल्या एकाला नोकरी अशी बोली झाली, म्हणून मी इथे मेंटेनन्स सुपरवायझर. आयटीआयचं सर्टिफिकेट होतं एवढंच नशीब.

६ एप्रिल
मीटिंग. मे महिन्यात कमिटी येणार, वीज वाचवणारी इमारत म्हणून पाटी मिळणार. त्याआधी आकडा अजून खाली आणायचा. बी.सा. म्हणाले, "आदमी गया तो बत्ती दस मिनट क्यों जलती है? एक मिनट करो."
गल्लीतला सेन्सर माणसाची हालचाल बघतो. हालचाल थांबली की दहा मिनिटांनी दिवे जातात, पंखेही त्याच लाईनवर. मी म्हटलं, सर, एक मिनिट फार कमी होतं. बायका खाली बसून माल मोजतात, तेव्हा फारशा हलत नाहीत.
"हिलते रहेंगे तो काम भी होगा."
सगळे हसले. मीही हसलो. दुपारी वरच्या खोलीतल्या कंट्रोल पॅनलवर जाऊन चाळीसही गल्ल्यांना एक मिनिट टाकलं.

९ एप्रिल
अपेक्षेप्रमाणे शिव्या. ठेकेदाराच्या बायका मोजता मोजता मधेच हात वर करून हलवतात, नाहीतर अंधार. लांबून बघितलं तर आरती चालल्यासारखं वाटतं.
इंदूबाईने गाठलंच. ती अकलोलीच्या अलीकडच्या गावाहून टेम्पोने येते, चार वर्षं झाली. जीभ तिखट.
"भाऊ, आमी काय बुजगावनं हाय का? मोजू का हात हलवू?"
म्हटलं, वरून ऑर्डर आहे.
"वर कोन हाय? वर पत्रा हाय."
साहेबांना सांगून बघतो म्हणालो. सांगितलं नाही.

१५ एप्रिल
उकाडा सुरू झालाय. पत्र्याखाली अकरापासूनच भट्टी.
बायकांनी माझ्या एक मिनिटाचा उपयोग शोधून काढलाय. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. पूर्वी डबा खाऊन झाला की बाहेर उन्हात टेकायच्या, सावली कुठेच नाही. आता ज्या गल्लीत काम नाही तिथे शिरायचं, खाली फरशीवर बसायचं आणि हलायचं नाही. मिनिटात दिवा जातो. अंधारात पाठ टेकायची. पंखा नसतो, पण फरशी गार असते. दोनला उठायचं, दिवा आपोआप लागतो.
मी पॅनलवरून बघतो. मधल्या गल्ल्या सुट्टीत एकेक मिनिट लागतात आणि विझतात. कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही.
इंदूबाईने करवंदं आणून दिली, पळसाच्या पानात. म्हणाली, "तुमच्या अंधारात बरं वाटतं, भाऊ. कोन बघत न्हाय."
घरी बायकोने, सुरेखाने, करवंदांचं लोणचं घातलं.

१८ एप्रिल
तिवारी, आमचा दिवसपाळीचा सिक्युरिटी, हुशार निघाला. साडेतीनला या चाळीस गल्ल्यांचं सी सेक्शन बंद होतं. पूर्वी तो चाळीस गल्ल्या चालत तपासायचा, कुणी आत राहिलंय का म्हणून. त्याच्या चालण्याने चाळीसही गल्ल्यांचे दिवे लागायचे. आता मधल्या रस्त्यावर एका टोकाला उभा राहतो, चार मिनिटं थांबतो. सगळ्या गल्ल्या काळ्या दिसल्या की शटर खाली.
"पाटीलजी, अंधेरा मतलब कोई नहीं."
मला पटलं. नुसतं पटलं नाही, कागदावर घेतलं. बंद करायची पद्धत, मुद्दे एक ते पाच, खाली माझी सही. बी.सा.नी पाठ थोपटली. नोटीस शटरजवळ चिकटवली आहे.

२४ एप्रिल, संध्याकाळी ५
आज अंगाची लाही. पॅनल रूममध्ये बसूनच दिवस काढला. गुडघा दुखतोय, जिना उतरणं नको वाटतं.
दुपारी गल्ली नंबर १४ भुतासारखी वागत होती. त्या गल्लीत आज कुणाला काम नव्हतं. दोननंतर तीनदा आपोआप दिवा लागला आणि गेला. उंदीर असणार, नाहीतर घूस. बिस्किटांचे खोके तिथेच आहेत. कमिटीने असा आकडा बघितला तर प्रश्न विचारणार, म्हणून १४ चा सेन्सर जरा मंद करून टाकला, म्हणजे बारीकसारीक हालचाल तो धरणार नाही. त्यानंतर शांत.
मघाशी पन्हं प्यायलो. आता घरी निघतो.

२५ एप्रिल
इंदूबाई होती.
उंदीर नव्हता. इंदूबाई होती.

२५ एप्रिल, परत
नीट लिहितो. काल सहा वाजता तिच्या नवऱ्याचा, धर्माचा, गेटवर फोन आला की टेम्पो आला पण बायको आली नाही. तिवारीने सांगितलं, सगळे गेले. हजेरीतही ती साडेतीनला बाहेर. मुकादम सगळ्यांची हजेरी एकदमच मारतो, कोण आहे कोण नाही बघत नाही. टेम्पोतल्या बायकांना वाटलं लवकर गेली असेल. मुकादमाला वाटलं पॅकिंगला गेली असेल.
सव्वासातला रात्रपाळीचा फोर्कलिफ्टवाला शटर उघडून बिस्किटांचे खोके घ्यायला १४ मध्ये शिरला. त्याच्या गाडीने दिवा लागला. ती खांबाला टेकून, एका कुशीवर. जिवंत होती. डोळे उघडे होते म्हणे.
मला आज सकाळी गेटवर कळलं. मी तिवारीला दोनदा विचारलं, कुठली गल्ली? दोन्ही वेळा चौदा म्हणाला.

२७ एप्रिल
हॉस्पिटलात जाऊन आलो. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, पहिल्या दोन-तीन तासांत आणलं असतं तर बराच फरक पडला असता. मी विचारलं, किती? तो म्हणाला, ते आता कशाला विचारता.
धर्मा बाहेर बाकावर. शेती थोडी आणि मजुरी, हात खडबडीत. मला बघून उठून उभा राहिला. "तुमी आलात, लई झालं, भाऊ." मुलगी वैशाली, बारावी झालेली, बापाशेजारी फॉर्म भरत होती.
आत गेलो. इंदूबाईने बघितलं. ओळखलं की नाही कळलं नाही. डावा हात पांघरुणावर होता, बोटं थोडी हलत होती. मी फार वेळ थांबलो नाही.

२९ एप्रिल
कंपनीचं म्हणणं ठरलं. हजेरीप्रमाणे बाई साडेतीनला ड्युटी संपवून बाहेर. नंतर विनापरवानगी परत आत आली आणि झोपली. म्हणजे जे झालं ते कामावर झालं नाही, कंपनीचा संबंध नाही. ठेकेदार म्हणतो, कंपनीला विचारा. धर्माने कुणाच्या तरी सांगण्यावरून कामगार ऑफिसात अर्ज केलाय. कामावर असताना झालं हे दाखवता आलं तरच तिच्या औषधपाण्याचं कुणीतरी बघणार.
बी.सा. मला म्हणाले, "औरतें अंदर सोती हैं, तुम्हें पता था?"
म्हटलं, नाही.

३ मे
आज रविवार, पॅनल रूममध्ये एकटाच. लॉग उघडला. दिवा कधी लागला, कधी गेला, कुणी काय बदललं, सगळं मशीन लिहून ठेवतं. २४ तारीख, गल्ली १४.

१:३४ लागला. १:३६ गेला.
२:०३ लागला. २:०४ गेला.
२:१८ लागला. २:१९ गेला.
२:३७ लागला. २:३८ गेला.
२:४० सेन्सर कमी केला. एम. पाटील.

त्यानंतर ७:१४ पर्यंत काही नाही.
दीड ते दोन तिच्या हक्काची सुट्टी. दोनला उठायचं होतं, उठता आलं नाही. तेव्हापासून ती हात हलवत होती. आम्ही शिकवलं होतं ना, हात हलवा म्हणजे दिवा लागेल. तीनदा तिने दिवा लावला. तो दिवा माझ्यासमोर लागला, पॅनलवर, हिरवा ठिपका. चौथ्यांदाही तिने हलवला असेल, पाचव्यांदाही. ते मशीनने धरलं नाही, कारण मी तसं सांगून ठेवलं होतं.
पाणी प्यायला उठलो आणि जिन्यातच बसलो बराच वेळ.

७ मे
सुरेखाला सांगितलं. सगळं नाही, लॉग आहे एवढंच. ती भाकरी थापत होती.
"मंग देऊन टाका ना त्यांना."
म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे.
"शेत गेलं तवा पन तुमी हेच बोलला होता."
आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. मला राग आला, पण तिचा नाही.

११ मे
बी.सा.नी केबिनमध्ये बोलावलं. एसी एवढा की हातावर काटा.
"लॉग कितने दिन रहता है?"
"तीस दिवस. मग जुना पुसून नवा चढतो."
"ठीक है."
पुसा म्हणाले नाहीत, ठेवा म्हणाले नाहीत. चहा मागवला. मी तो प्यायलो.
निघताना म्हणाले, वेळ परत दहा मिनिटं करून टाका, पण कुठे लिहू नका. मी म्हटलं, मशीन लिहितंच, सर. ते म्हणाले, "वो भी तीस दिन."

१५ मे
दहा मिनिटं करून चार दिवस झाले. रोजचं रीडिंग जुन्या वहीशी ताडून बघितलं, दोनदा. फरक जेमतेम. खरी बचत एलईडीने झाली होती, आधीच. एक मिनिटाने जे वाचत होतं तेवढं ऑफिसातले एसी साडेपाचला बंद केले असते तरी वाचलं असतं. ऑफिस साडेपाचला सुटतं. एसी सातपर्यंत चालतात, कारण बंद करणं कुणाचंच काम नाही.
हे मला ६ एप्रिललाही काढता आलं असतं. पंधरा मिनिटांचं गणित. मी केलं नाही. साहेब म्हणाले, मी केलं.

१९ मे
कमिटी येऊन गेली. तिघे, हेल्मेट घालून. एकाने शटरजवळची माझी नोटीस वाचली आणि म्हणाला, छान पद्धत आहे, फोटो घेऊ का? बी.सा. चटकन पुढे झाले आणि त्यांना सोलर दाखवायला घेऊन गेले. संध्याकाळी नोटीस निघालेली होती. भिंतीवर टेपचे चार चट्टे.
पाटी मिळणार हे नक्की. पेढे वाटले. माझं नाव पण घेतलं भाषणात. तिवारी शेजारी उभा होता, त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. इंदूबाई सापडली त्या दिवसापासून तो चाळीस गल्ल्या चालतो, प्रत्येक गल्लीत शेवटपर्यंत, आणि मोठ्याने विचारतो, "कोई है?" त्याला कुणी सांगितलेलं नाही.

२२ मे
उद्या मध्यरात्री २४ तारखेचा लॉग पुसला जाणार. मोबाईल गेटवर जमा करावे लागतात, पेन ड्राइव्ह चालत नाही. पॅनलला छोटा प्रिंटर आहे, त्यावर ड्युटीच्या वेळेपुरती, दीड ते साडेतीनची, एक प्रत काढली. एक पान. सगळ्यात खाली मशीनचा नंबर आणि वेळेचा शिक्का आपोआप येतो, त्यावरून कळतं की कागद खरा आहे. त्या शिक्क्याच्या लगेच वर माझं नाव.
डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून बाहेर आणला. गेटवर तिवारीने पिशवी तपासली. फडकं उघडलं, कागद बघितला, परत गुंडाळलं. "जाइए."
बाहेर आल्यावर मोबाईलने फोटो काढून ठेवायला हवा होता. काढला नाही. विसरलो असं लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो.

२४ मे
गेलो. बाईकने पूर्णा गाव ओलांडलं तोवर दोन्ही बाजूंना गोडाऊन, मग हळूहळू झाडं. वाटेत दोनदा थांबलो. एकदा पेट्रोलला, एकदा उगाच.
घर दोन खोल्यांचं, समोर पडवी. इंदूबाई पडवीत खाटेवर, उशीला टेकवून बसवलेली. तोंडाची एक बाजू खाली आलेली. या वेळी ओळखलं मला. पक्कं ओळखलं.
धर्माला कागद दिला. म्हटलं, ती कामावरच होती, सुट्टीत बसली होती आणि तिथेच झालं, हे यावरून दिसतं. कामगार ऑफिसात हा दाखवा.
त्याला वाचता येत नाही. "तुमीच वाचा, भाऊ."
वाचलं. एक चौतीस. दोन तीन. दोन अठरा. दोन सदतीस. प्रत्येक वेळी काय झालं असेल ते सांगितलं. धर्मा खाटेकडे बघत होता. इंदूबाईचा डावा हात मांडीवर होता, ती त्या हाताकडे बघत होती.
"झालं?" धर्माने विचारलं.
"झालं," म्हणालो.
वैशाली माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, अजून एक वळ हाय." आणि वाचली. वेळ, सेन्सर, नाव. मग मला विचारलं, "हे एम. पाटील कोन?"
"मी."
तिने अजून विचारलं, सेन्सर कमी केला म्हणजे काय. सांगितलं. उंदीर वाटला हेही सांगितलं. इंदूबाईसमोर सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठलो नाही, एवढंच काय ते. वैशाली घरात गेली, परत बाहेर आली नाही.
धर्मा शिवी देईल, अंगावर येईल, असं वाटत होतं. आला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद हातात घेतला, खालच्या बाजूला बोट ठेवलं.
"ही खालची वळ फाडून टाकू का, भाऊ? दुसरं कोन आलं न्हाय, तुमी आलात. तुमचं नाव कशाला मधी? तुमची पन पोरंबाळं हायेत."
ती ओळ फाडली तर शिक्का जाणार, मशीनचा नंबर जाणार. मग तो कुणीही घरी टाईप केलेला कागद. कंपनीचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. दुसरी प्रत नाही, लॉग पुसला गेला. हे सगळं मला माहीत होतं, त्याला नव्हतं.
मी म्हणालो, "बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं."
चहा आला. धर्माने स्वतः आणला. अर्धा प्यायलो.

२६ मे
कामाला गेलो. रीडिंग घेतलं. जे लिहायचं आहे ते लिहवत नाही.

२८ मे
सुरेखाने विचारलं, दिला का कागद? म्हटलं, दिला. ती खूश झाली. आज तिने माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी केली, नव्या नवरीसारखी पुढ्यात बसून वाढली. ताटात तशीच राहिली. तिला वाटलं तिखट झाली.

३० मे
परवा सोमवार, १ जून, कामगार ऑफिसात तारीख. बी.सा. वकिलाबरोबर जाणार आहेत. मला विचारलं, "कुछ कागज वगैरह तो नहीं है ना उनके पास?" मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही. हे खोटं आहे की खरं, ते माझं मलाच सांगता येत नाही.
सकाळी दहाला धर्माला फोन लावला. वैशालीने उचलला. माझा आवाज ओळखला.
"बाबा शेतावर राबाला गेलेत. काय सांगू?"
आई कशी आहे, विचारलं.
"हाय तशीच."
कागद?
"हाय ना. बाबांनी देवाजवळ ठेवलाय, घडी घालून. सोमवारी नेनार."
अख्खा आहे का, एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यासाठीच फोन केला होता. आतून इंदूबाईचा आवाज आला, शब्द नसलेला, काहीतरी मागत असावी. वैशाली म्हणाली, "ठेवू का? आईला पानी पायजे."
ठेव म्हणालो.
उद्याचा दिवस अजून आहे.